नातीचा दुभंगलेला ओठ आणि बंद नाकपुडी

प्रश्न : माझी नात सव्वा महिन्याची आहे. तिचा वरचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले असून, उजवी नाकपुडी मागच्या बाजूने बंद असल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले. डॉक्टर ओठाचे ऑपरेशन तीन महिन्यांनंतर, टाळूचे वर्षाच्या आसपास आणि नाकाचे त्याहूनही पुढे करू म्हणतात. सगळे एकदाच का उरकत नाहीत? सुनेने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असेही घरात बोलले जाते. – एक आजी, सातारा जिल्हा

उत्तर : ग्रहणाचा विषय आधी मिटवू. ओठ साधारण सातव्या, तर टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भातच सांधला जातो. तो सांधा अपुरा राहण्यामागे आनुवंशिकता, फेफऱ्यावरची काही औषधे, धूम्रपान अशी कारणे असू शकतात आणि पुष्कळदा एकच एक कारण सापडतही नाही. ग्रहण कोणी पाळत नाही अशा देशांतही अशी बाळे जन्मतात. बाळंतिणीच्या कानावर हे बोलणे पुन्हा पडू देऊ नये.

नवजात बाळे पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. म्हणून दोन्ही नाकपुड्या मागून बंद असत्या, तर बाळ निळे पडले असते, रडताना तोंड उघडल्यावरच त्याचा रंग सुधारला असता आणि शस्त्रक्रिया पहिल्या काही दिवसांतच करावी लागली असती. आपल्या नातीची डावी बाजू मोकळी आहे. अडथळा बहुधा हाड आणि पडदा मिळून बनलेला असतो. तो नाकातूनच दुर्बिणीने काढतात, पण तान्ह्या बाळाच्या अरुंद नाकात ही वाट पुन्हा आकसण्याची भीती अधिक असते. एका बाजूपुरते थांबण्यात म्हणूनच हित आहे.

ओठासाठी वजन, हिमोग्लोबिन आणि भूल सोसण्याची ताकद पाहतात. दहा आठवडे, दहा पौंड (साडेचार किलो) आणि दहा ग्रॅम हिमोग्लोबिन हा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो. टाळूचे गणित वेगळे आहे. बोलणे स्पष्ट यावे म्हणून तो लवकर शिवायला हवा, मात्र फार लवकर शिवल्यास वरच्या जबड्याची वाढ खुंटू शकते, त्यामुळे नऊ ते अठरा महिने हा मधला काळ निवडतात. त्यानंतरही वाचा-उपचार लागू शकतात, आणि हिरडीच्या हाडातली फट सहसा आठ ते अकरा वर्षांच्या वयात भरतात.

तोपर्यंत खरे काम दूध पाजण्याचे आहे. टाळूला भेग असल्याने बाळाला ओढून पिता येत नाही. आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा खास बाटलीने, बाळाला जवळजवळ उभे धरून, थोडे थोडे पाजावे आणि मध्ये मध्ये ढेकर काढावा. दर आठवड्याला वजन करावे. दोन्ही दोष एकत्र असल्याने हृदय, डोळे आणि श्रवण यांची तपासणी मात्र आताच करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे, तेव्हा आशाताईंकडे नाव नोंदवावे.

सर्दीने डावी नाकपुडीही चोंदली, पिताना दम लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.