मसाई पठारावरचे दोन कवले: एकच जात की दोन?

तुम्ही विचारलंय की पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठारावर सप्टेंबरात पिवळ्या फुलांची दोन झुडपं शेजारी-शेजारी दिसली. एकाच्या फुलावर दोन ठसठशीत लाल ठिपके, दुसऱ्यावर ते जेमतेम. मग ही एकच जात की दोन?

दोन. पण ते ठिपक्यांवरून ठरवू नका.

दोन्ही कवलेच आहेत, शास्त्रीय नाव स्मिथिया. तूर-मुगाच्याच कुळातला हा वंश. लंडनच्या लिनियन सोसायटीचे संस्थापक जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून १७८९ मध्ये त्याला हे नाव मिळालं. सह्याद्रीत याच्या बऱ्याच जाती आहेत. त्यांतल्या हिर्सुटा, बायजेमिना आणि सेट्युलोसा या तिघींचं वर्णन १८५०च्या आसपास वनस्पती-अभ्यासक डालझेल यांनी केलं. पुढं ते मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होते.

वरच्या मोठ्या पाकळीवरचे ठिपके कीटकांना मधाची वाट दाखवायला असतात. ते एकाहून जास्त जातींत सापडतात, शिवाय कमीजास्त गडद असतात. त्यात मोबाइल उन्हातला पिवळा रंग भडक करून टाकतो आणि फिके ठिपके फोटोतून गायबच होतात. हल्ली ठिपकेवाल्या कुठल्याही कवल्याला ‘मिकी माउस’ म्हणायची पद्धत पडलीय. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

फूल उलटं करून मागून बघा. पाकळ्यांना धरून ठेवणारा हिरवा भाग म्हणजे निदलपुंज. कवल्यात त्याचे वर-खाली असे दोन ओठ असतात. कोल्हापूरच्या गुजरीत सराफ वापरतात तसलं दहापट भिंग घ्या आणि एक ओठ उजेडाकडं धरा. काहींत तो ताठ, जाडसर असतो आणि त्यावरच्या शिरा बुडापासून टोकापर्यंत सरळ, एकमेकींना न भेटता जातात. काहींत तो पातळ असतो आणि शिरा एकमेकींत मिसळून वाळलेल्या पिंपळपानासारखी जाळी धरतात. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की पुढं भिंगही लागत नाही. सरळ शिरांवाल्या सेन्सिटिव्हा आणि कन्फर्टा. जाळीवाल्या हिर्सुटा, बायजेमिना, सेट्युलोसा आणि परपुरिया.

मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते, कारण फूल गळल्यावरही निदलपुंज झाडावर राहतो. कवल्याची शेंग त्याच्या आतच घडी घालून बसते. म्हणजे पठार सुकायला लागल्यावर गेलात तरी जात ओळखता येते. ती शेंगही एकदा उलगडून बघाच: एकेका बियाचे छोटे तुकडे, एकावर एक दुमडलेले.

जाळीवाल्यांत पुढचं काम सोपं. परपुरियाचं फूल जांभळं, त्यामुळं तिथं प्रश्नच नाही. सेट्युलोसा दांडगी, डोंगरउतारावर कमरेएवढी वाढणारी. बायजेमिनाच्या पानात बहुधा चारच पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे भाग, दोन जोड्यांत. हिर्सुटा केसाळ; खोडावर आणि निदलपुंजावर राठ केस बोटाला लागतात.

सरळ शिरांवाल्या जोडीत मात्र घाई नको. कन्फर्टाची फुलं पानांच्या गर्दीत झुपक्यानं येतात, सेन्सिटिव्हाची मोकळ्या तुऱ्यावर. कन्फर्टाचाच जेमिनिफ्लोरा नावाचा एक प्रकार धरतात, त्यात फुलं थोडी, बऱ्याचदा जोडीनं. काही अभ्यासक तिला वेगळी जात मानतात. हात लावल्यावर पानं मिटली म्हणून सेन्सिटिव्हा, असं मात्र करू नका. पाऊस लागल्यावर कोवळा कवला भाजीसाठी खुडतात तेव्हा फुलं नसतात, त्या वेळी तर जात ठरवायच्या फंदातच पडू नये.

आता तुमचे फोटो. पहिल्यात देठावर केस स्पष्ट दिसतात आणि निदलपुंजावर जाळी आहे, म्हणून ती हिर्सुटा. दुसऱ्यात कडेच्या एका कळीवर सरळ शिरा आहेत, म्हणजे ती सेन्सिटिव्हा-कन्फर्टा जोडीतली. त्यांतली नेमकी कोणती, हे ठरवायला फुलांचा तुरा बाजूनं दिसायला हवा, आणि तुम्ही फोटो वरून काढलाय. पुन्हा जाल तेव्हा एक फोटो बाजूनं, एक निदलपुंजाचा मागून आणि एक अख्ख्या पानाचा, असे तीन काढून इथं टाका. झाड उपटू नका, फोटो पुरेत. आणि जांभ्यावरच्या ओल्या खळग्यांत पाय देऊ नका, तिथं कवल्याच्या जोडीनं इतर बारीक वनस्पतीही वाढत असतात.