ट्रकचालक रस्त्यावर एवढे का चिडतात?

प्रश्न: इंदूरहून पुण्याला परतताना मानपूरच्या पुढे उतारावर मी एका ट्रकच्या पुढे शिरलो. त्याने खलघाटपर्यंत हॉर्न वाजवत पाठ सोडली नाही. चहाला थांबलो तर टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन उतरला. गाडीत आई होती. एवढा राग कशाचा?

उत्तर: टॉमी घेऊन कोणाच्या अंगावर जाणं हा गुन्हाच आहे. त्यात त्याची बाजू मी घेणार नाही. पण तुम्ही "कशाचा" असं विचारलंय, आणि मी इंदूरच्या लोहामंडीत २१ वर्षं ट्रान्सपोर्टची मुनीमगिरी केली आहे. (रामबागेतल्या मराठी घरातला मुलगा बँकेत लागायचा तो बिल्ट्या (मालाच्या पावत्या) फाडायला बसला, याचं दुःख वडिलांना शेवटपर्यंत होतं.)

आधी तुम्ही शिरलात ती जागा बघा. मानपूर सोडलं की रस्ता विंध्य उतरून निमाडात जातो. भरलेली बारा चाकी गाडी अशा उतारावर जाणता ड्रायव्हर लहान गिअरमध्ये धरून ठेवतो, ब्रेक लागेल तेवढाच. सारखा ब्रेक दाबला की ब्रेकचे लायनर तापतात आणि पकड जाते. वारंवार दाबण्याने हवेचं प्रेशरही उतरतं. म्हणून तो पुढे मुद्दाम मोकळा रस्ता राखून चालतो. कारवाल्याला ती जागा रिकामी दिसते. तो शिरतो, आणि वर पुढच्या वळणाला स्वतःचा ब्रेक मारतो! याच पट्ट्यातल्या गणेश घाटात ब्रेक गेलेल्या गाड्या दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्यांवर इतक्या वेळा आदळल्या, की शेवटी उतरणाऱ्या वाहनांसाठी वेगळा रस्ता काढावा लागला. तुमच्यामागे तो माणूस आधी घाबरला असणार. चिडला तो नंतर.

चढावर कारण वेगळं. तिथे गाडीची चाल तुटली की पार पहिल्या गिअरपासून सुरुवात, आणि डिझेल जळतं ते वेगळंच. बरेच मालक डिझेल अ‍ॅव्हरेजवर देतात, लिटरला ठरावीक किलोमीटर धरून, आणि जास्त लागलं तर ड्रायव्हरच्या हिशोबातून कापतात. म्हणजे आडवा येणारा त्याच्या खिशातून खर्च करतो.

पण खरा राग घाटात भरत नाही, गेटवर भरतो. पिथमपूरच्या कारखान्याबाहेर माल भरायला दिवसदिवस उभं राहायचं, ना सावली ना संडास. धर्मकाट्यावर (गाडीचं वजन करतात तिथे) रांग. शहरात दिवसा नो एन्ट्री. आणि हा गेलेला सगळा वेळ पार्टीला, म्हणजे माल मागवणाऱ्याला, रस्त्यात भरून हवा असतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली): दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती. एकवीस वर्षांत लोहामंडीत हा कायदा मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. मीही कधी काढला नाही.

२०१६ सालची गोष्ट. सळया भरून भिवंडीला गाडी निघाली, ती काट्यावरच्या रांगेमुळे पाच तास उशिरा. पार्टीला मी "सकाळी पोचते" असं बोलून बसलो होतो, म्हणून दर तासाला ड्रायव्हरला फोन. मुरैन्याकडचा माणूस, वयाने माझ्याएवढाच, कधी आवाज चढवून बोलला नव्हता. सेंधव्याच्या अलीकडे मी त्याच्याशी बोलत असतानाच कोणी जीपवाल्याने त्याची गाडी कडेला दाबली. मला हॉर्न ऐकू आला, मग शिव्या, मग दार आपटल्याचा आवाज. जीपची पुढची काच गेली. दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन गेलो आणि प्रकरण मिटवलं. तिथे त्याला चार शब्द सुनवायला लागलो, तर तो म्हणाला, "मुनीमजी, फोन पे तो आप ही थे." पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही. त्यानंतर रात्री चालत्या गाडीवर फोन करणं मी बंद केलं. पार्ट्या ओरडल्या, ओरडू दिल्या.

दारू, अफूच्या गोळ्या, मुळातले भांडखोर, हे सगळं आहेच, नाही असं नाही. पण नुसतं तेच धरून बसलात तर उतारावरची मोकळी जागा तुम्हाला परतही रिकामीच दिसेल.

पुन्हा असा प्रसंग आला तर त्याच्यापुढे हळू होऊन धडा शिकवायला जाऊ नका. डावीकडे येऊन त्याला जाऊ द्या. निर्जन ठिकाणी किंवा चहाच्या टपरीवर थांबू नका. टोलनाका किंवा पेट्रोल पंप येईपर्यंत चालत राहा, काचा वर, दारं बंद. मागे लागलाच तर गाडीचा नंबर शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा आणि त्यालाच ११२ वर फोन लावू द्या. तुम्ही फोन हातात घेऊ नका, घाट अजून संपलेला नसतो.