खोके, कात्री आणि घनफळ

प्रश्न : आठवीच्या मुलांना गणिताचा प्रकल्प दिला की रंगीत तक्ते येतात, गणित कुठेच होत नाही. दोन तासिकांत बसेल असे काही सुचवाल का?

उत्तर : तक्ते येतात, कारण तक्ता बनवणाऱ्याला काही शोधावेच लागत नाही. प्रश्न असा हवा की पहिला अंदाज चुकावा. प्रत्येक गटाला 24 सेंमी बाजूचा जाड कार्डशीटचा चौरस द्या. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, कडा उभ्या दुमडायच्या, चिकटपट्टी लावायची. बिनझाकणाचे खोके तयार. पहिल्या गटाने 1 सेंमीचा कोपरा कापावा, दुसऱ्याने 2 सेंमीचा, असे 6 पर्यंत. कापण्याआधीच विचारा : कोणत्या खोक्यात सर्वांत जास्त मावेल? कागद सारखाच, म्हणून घनफळही सारखेच, असे बरीच मुले म्हणतात. लगेच दुरुस्त करू नका, अंदाज वहीत लिहून घ्या.

घनफळे 484, 800, 972, 1024, 980 आणि 864 घन सेंमी येतात. हमखास होणारी चूक म्हणजे 24 मधून कोपरा एकदाच वजा करणे. म्हणून तळाची बाजू सूत्राने काढू न देता खोक्यावर पट्टी ठेवून मोजायला लावा. कोपरा दोन्ही टोकांना कापला गेलाय हे तिथेच दिसते. धान्य भरून मोजू नका, भिंती फुगतात आणि माप वाढते.

खरे शोधकार्य इथून पुढे सुरू होते, आणि नेमके इथेच बहुतेक तास संपवले जातात! 4 च्या आसपास 3.5 आणि 4.5 घेऊन पाहू द्या (1011.5 आणि 1012.5). मग 18 सेंमीचा कागद : उत्तर 3. ‘बाजूचा सहावा भाग’ हा नियम मुलेच मांडतील. तो 20 सेंमीवर तपासायला सांगा. तिथे 3 ला 588 आणि 4 ला 576 मिळतात, पण 3.3 ला सुमारे 592.5. कमाल घनफळाच्या खोक्यात चार भिंतींचे एकूण क्षेत्रफळ तळाइतकेच भरते (24 च्या कागदात 256 चौ. सेंमी), हे कुणाच्या लक्षात आले तर तो धागा सोडू नका.

प्रश्न : गटात एकच मूल काम करते. गुण कसे द्यावेत?

उत्तर : खोक्याला गुण नकोत. प्रत्येकाने स्वतःचा अंदाज, सारणी आणि अंदाज का बदलला याची दोन वाक्ये वहीत लिहावीत, गुण त्यालाच. चुकलेला अंदाज खोडलेला दिसला तर तो पुन्हा लिहायला लावा.