टोटल सिंथेसिस म्हणजे 'कृत्रिम निर्मिती' का?

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका वाचकाने विचारलंय, बीएस्सीच्या पोरांसाठी मराठीत नोट्स काढतोय, त्यात टोटल सिंथेसिसला (म्हणजे निसर्गात सापडणारा रेणू साध्या रसायनांपासून लॅबमध्ये बांधणं) 'संपूर्ण कृत्रिम निर्मिती' लिहिलं तर चालतंय का. माझं मत विचाराल तर नको, 'समग्र संश्लेषण' लिहा.

'कृत्रिम' म्हटलं की कृत्रिम दात, कृत्रिम फुलं आठवतात, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं पण खरं नव्हे असं काहीतरी, आणि इथे नेमकं उलटं आहे. आपल्याकडच्या रानात काजरा असतोय बघा, कन्नडात कासरक म्हणतात तो, त्याच्या बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष असतं. ते 1818 मध्येच वेगळं काढलं होतं, पण रेणूत अणूंची सात वलयं अशी एकमेकांत अडकलेली की रचना कळायलाच 1946 उजाडलं आणि मग 1954 मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच रेणू लॅबमध्ये बांधून दाखवला. तोच म्हणजे तोच, प्रत्येक अणू त्याच जागी, विषसुद्धा तितकंच. मग त्याला कृत्रिम कसं म्हणायचं सांगा? बनवायची वाट तेवढी वेगळी, वस्तू एकच.

संश्लेषणात श्लिष् धातू आहे, जोडणं, चिकटणं, आलिंगन देणं. श्लेष अलंकार त्यातलाच. विश्लेषण म्हणजे सुटं करणं, संश्लेषण म्हणजे सांधणं, किती नेमकं आहे! शाळेत प्रकाशसंश्लेषण सगळेच शिकतात, आणि कन्नड मीडियमच्या पोरांनाही 'संश्लेषणे' माहीत असतंय, त्यामुळे आपल्या भागात हा शब्द दोन्हीकडे चालतो. ('सेंद्रिय'चं, म्हणजे ऑर्गॅनिकचं, तसं नाही हं, कन्नडात त्याला 'सावयव' म्हणतात, तिथे दोन्ही शब्द द्या.)

आता 'समग्र' का, तर सुरुवात साध्या, सहज मिळणाऱ्या रसायनांपासून करायची, झाडाकडून तयार सांगाडा उसना घ्यायचा नाही. उसना घेतला तर ते अर्धसंश्लेषण. सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे संयुग असतं, ते झाडातून काढून त्यावर पुढच्या रिअ‍ॅक्शन करून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं बनवतात, हे अर्धसंश्लेषण. हा फरक 'कृत्रिम' लिहिलं की पुसला जातो, म्हणून माझा आग्रह.

आणि 'नॅचरल प्रॉडक्ट'ला, म्हणजे स्ट्रिक्निनसारख्या सजीवांत तयार होणाऱ्या संयुगाला, 'नैसर्गिक उत्पादन' नको, दुकानातला साबण वाटतो, 'निसर्गज संयुग' लिहा.