लावलेले केस गळायलेत, आता काय करू?

मी समुपदेशक. हेअर ट्रान्सप्लांट करून आलेली मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. खपल्या पडून गेलेल्या असतात, आता सगळं नीट झालं असं वाटत असतं, आणि नेमके तेव्हाच उशीवर केस दिसायला लागतात. परभणीकडचा हा मुलगाही तसाच आला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते. वय २९, वाळूजला कंपनीत नोकरी, घरात स्थळं पाहणं चालू. दोन ठिकाणचा नकार केसांमुळेच आला, हे त्याच्या मनानं पक्कं धरलेलं. कर्ज काढून पुण्याला केस लावून आला आणि घरी सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग होतं.

“मॅडम, लावलेले केस गळायलेत. पैशे पाण्यात गेले. आता घरी काय तोंड दाखवू?”

निदान करणं माझं काम नाही, म्हणून आधी त्याला त्याच्या डॉक्टरांना फोटो पाठवायला लावले. उत्तर आलं ते अपेक्षितच होतं: हे असंच होतं. लावलेल्या केसांचा वरचा भाग साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात गळतो. मूळ आत जिवंत असतं, फक्त विश्रांतीत गेलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस फुटतात, सहाव्या महिन्यात फरक दिसू लागतो, पूर्ण चित्र दिसायला वर्ष लागतं. टाळूवर त्याहूनही जास्त. आजूबाजूचे मूळचे केसही काही काळ गळू शकतात. पू, ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा कातडी काळी पडणं असलं काही असेल, तर मात्र फोटोवर न थांबता लगेच दाखवायचं.

हे त्याला आधी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, छापील कागदही दिला होता. पण घाईत असलेल्या माणसाला ‘नंतरचा’ फोटो तेवढा लक्षात राहतो. म्हणून मी आता आधी येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते, डॉक्टरकडे एकट्यानं जाऊ नको, घरातलं कुणीतरी सोबत ने. केस लावायच्या दिवशी भूल फक्त डोक्यापुरती असते. सुया टोचतात ते दुखतं, मग सहा-आठ तास नुसतं पडून राहायचं. केस मागच्या बाजूचे घेतात, कारण टक्कल पाडणाऱ्या डीएचटी संप्रेरकाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही आणि पुढे लावले तरी ते आपला गुण सोडत नाहीत. हा गुण टिकतो हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळावर, कधी डोळ्यांपर्यंत सूज उतरते. आरशात बघून माणूस घाबरतो, पण ती ओसरते.

या मुलाला केसांपेक्षा लपवाछपवीनं जास्त पोखरलं होतं. घरातही डोक्याला रुमाल. भावाच्या खोलीत झोपणं बंद. कंपनीत हेल्मेट सक्तीचं, म्हणून कारण न सांगता रजेवर रजा. वर वैशाखाचं ऊन. दिवसभर मोबाइलचा कॅमेरा काढून भांग न्याहाळत बसायचा. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. फोटो महिन्यातून एकदाच, त्याच जागी, त्याच उजेडात. आणि घरात एका तरी माणसाला खरं सांगायचं. त्यानं अक्काला सांगितलं, अक्कानं आईला. केसांबद्दल आई काहीच बोलली नाही. ती कर्जावरून रडली. “आरं लेकरा, पोटाला चिमटा काढून हप्ते भरायलास, अन् आम्हाला पत्ता नाही?” त्या रात्री खूप दिवसांनी झोप लागली, असं तो पुढच्या भेटीत म्हणाला.

मग लग्नाचा प्रश्न. केस येईपर्यंत स्थळं थांबवतो, म्हणत होता. मी नको म्हटलं. वर्षभर आयुष्य अडवून धरण्याइतकं केसांना मोठं करू नये, असं मला मनापासून वाटतं. सांगायचं कधी? पहिल्या भेटीत गरज नाही, पण सुपारी फुटण्याआधी सांगावं. त्याला ठोस कारण आहे. मूळचे केस विरळ होत राहतात, म्हणून औषध पुढेही चालू ठेवावं लागतं. यातल्या फिनास्टेराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी होतात, आणि त्याची फुटलेली गोळी गरोदर बाईनं हाताळायची नसते. बायकोला हे माहीत असायलाच हवं. त्यानं मुलीला सांगितलं. तिनं विचारलं, लई दुखलं का? जमलं ते लग्न.

आठव्या महिन्यात पुढचे केस चांगले आले होते, टाळू अजून विरळ. लगेच दुसऱ्यांदा करू का, म्हणाला. वर्ष तरी होऊ दे, म्हटलं. मागचे केस मोजकेच असतात, काढले तिथे परत येत नाहीत. आणि करणारा डॉक्टर नीट बघून घे. डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं हे या कामाचं पुरेसं प्रशिक्षण नव्हे.

काहींना मात्र मी ट्रान्सप्लांटआधीच थांबवते. केस दाट असूनही ज्याला टक्कलच दिसतं, आरशापायी ज्याचं कामावर जाणं सुटलंय, त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. त्याचं दुखणं केस लावून कमी होत नाही, उपचारानं होतं.