पाळी, देवघर आणि मनातली धास्ती

प्रश्न : वय ४१. रोज हरिपाठ म्हणते. पाळीच्या चार दिवसांत मात्र देवघराकडे पाऊल वळत नाही. विटाळ पटत नाही, पण गेल्या वर्षी त्या दिवसांत चुकून समईला हात लागला आणि आठवड्याच्या आत मुलाला ताप आला. तेव्हापासून धडधडतं. सासूबाई सोवळं पाळतात. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुम्ही रोज म्हणता त्या हरिपाठातच नामोच्चाराला काळवेळ नाही, असं आहे. संत सोयराबाईंनी तर चौदाव्या शतकात थेट विचारलं, विटाळावाचून जन्मलेला देह कुठला? हे तुमच्या बुद्धीला केव्हाच पटलंय. भीती उरते, कारण दर महिन्याला देवघर टाळलं की हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यावरच ती पोसते.

कागदावर पाच कृती लिहा, प्रत्येकीपुढे भीतीचे ० ते १० गुण मांडा. दुसऱ्या खोलीत हरिपाठ २, देवघराच्या दाराशी बसून ४, उदबत्ती लावणं ६, समईत तेल-वात घालणं ८, मूर्तीला हात लावून पूजा १०, असं काहीसं. सुरुवात चारच्या कृतीपासून, एखाद्या साध्या वारी; गौरी-गणपतीत नको. भीती निम्म्यावर येईपर्यंत जागेवरून हलू नका. अर्धा-पाऊण तास लागू शकतो. धडधड वाढते तेव्हाच उठावंसं वाटतं, आणि तेव्हा उठलात तर भीती आणखी घट्ट होते. एकच पायरी चारही दिवस करा. पुढची पुढच्या महिन्यात.

इथे हमखास एक घोटाळा होतो. उदबत्ती लावायची आणि लगेच ‘देवा, चुकले’ म्हणायचं, गोमूत्र शिंपडायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं. हे टाळण्याचंच दुसरं रूप. असं केलंत तर ती पायरी धरू नका, पुन्हा करा.

तापाचं म्हणाल, तर बसण्याआधी वहीत तारीख घालून लिहा : ‘सात दिवसांत अमुक होईल.’ आठव्या दिवशी उघडून वाचा. आधी लिहिलं नाही, तर उतू गेलेलं दूधही मागाहून पुरावा ठरतं. मुलं आजारी पडतातच. देवघर टाळलेल्या महिन्यांत ती कितीदा पडली, तेही मांडा.

सासूबाईंची भीती वेगळी, ती यात मिसळू नका. चोरून तर मुळीच करू नका, पकडलं जाण्याची नवी धास्ती लागते. एवढंच सांगा : ‘आई, या दिवसांतही मी हरिपाठ म्हणणार आहे. तुमच्या सोवळ्यातल्या वस्तूंना हात लावणार नाही.’ त्या नकोच म्हणाल्या, तर आपल्या खोलीत पाटावर विठ्ठलाची तसबीर मांडा आणि वरच्या पायऱ्या तिथे करा. देवघर त्यांचंही आहे.

मात्र विटाळाच्या विचाराने हात धुणं, आंघोळी, पुन्हा पुन्हा जप यांत रोजचा तासाहून अधिक वेळ जात असेल, तर एकट्याने झुंजू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तिथेही हीच पायऱ्यांची पद्धत वापरतात, गरज पडल्यास औषधांच्या जोडीने.