अंगावरचं दूध दूधपेढीला द्यायचं, दूधदान करायचं म्हणतेस ना?

अगं, सासूबाई म्हणाल्या तेच मीही ऐकलंय, 'लेकराच्या तोंडचं दूध दुसऱ्याला कशाला?' रागावू नकोस, काळजीपोटीच बोलतात त्या. पण काढल्यानं दूध आटत नाही. छाती जितकी रिकामी होते, तितकं नवं दूध तयार होतं. मात्र आधी तुझ्या बाळाचं पोट भरू दे, त्याचं वजन वाढतंय ना बघ, मगच उरलेलं दे.

दूधपेढी म्हणजे आयांनी दिलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी जागा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. पेढीतलं दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांसाठी असतं. त्यांच्या कोवळ्या आतड्यांना पावडरीपेक्षा हेच सोसतं आणि आतड्यांच्या एका जीवघेण्या आजाराचा धोकाही कमी होतो. इवलंसं बाळ सुरुवातीला एका वेळी काही थेंबच पितं गं! म्हणून अर्धी वाटी निघाली तरी कमी समजू नकोस.

एचआयव्ही, कावीळ यांसाठी तुझं रक्त तपासतील. औषधं चालू असतील तर लपवू नकोस. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून, जंतू तपासून, मग गोठवून ठेवतात. म्हणूनच ओळखीतल्या कुणाच्या बाळाला परस्पर दूध देऊ नकोस, कितीही जीव तुटला तरी.

पंप नसला तर हातानं काढता येतं, नर्सताई शिकवतात. आणि मन तयार नसेल तर थांब. कुणाच्या भिडेला पडून देऊ नकोस.